आधी निदान, मग पाना

(द्वितीय वर्ष कला)

"बी. ए. करून पुढे काय करणार?" हा प्रश्न आमच्या बाळकुममध्ये मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. विचारणारे वाईट नसतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. शेजारच्या मुलाने आय. टी. आय. केले, त्याला काम मिळाले. मग ही मुलगी इतिहास आणि तर्कशास्त्र वाचून काय दिवे लावणार, असे कोणाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. या प्रश्नाला मला आजवर चांगलेसे उत्तर देता आले नव्हते. गेल्या पावसाळ्यात ते सापडले, आणि तेही ग्रंथालयात नव्हे, तर आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ चिखलात बसले असताना. गंमत अशी की प्रकरण सुरू झाले ते एका दिव्यापासूनच. फक्त तो लावायचा नव्हता, विझवायचा होता.

बाबांची टॅक्सी आहे. २०१५ सालची, दुसऱ्या हाताची, सात जणांची गाडी. तिच्यावर आमचे घर चालते आणि माझी फीही तिच्यातूनच निघते. बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे जाणारा रस्ता ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना गाडीची काय दशा होते हे वेगळे सांगायला नको. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर, मेट्रोच्या कामाने अरुंद झालेला रस्ता, खड्ड्यांत बसवलेले आणि पुन्हा उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि शेजारी खाडीची खारी हवा. जुलै महिन्यात एके सकाळी गाडीच्या काट्यांच्या पाटीवर एक पिवळा दिवा लागला आणि विझेना. त्यावर तीन इंग्रजी अक्षरे होती : ए. बी. एस.

बाबा म्हणाले, "ब्रेक तर लागतात. बघू नंतर." पोटासाठी धावणाऱ्या माणसाचे 'नंतर' किती लांब असते हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. आठ दिवस गाडी तशीच धावली. नवव्या दिवशी संध्याकाळी, भर पावसात, कशेळीच्या पुलाच्या उतारावर पुढचा टेंपो अचानक थांबला. बाबांनी ब्रेक दाबला. चाके जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबली नाही. ती घसरत गेली. स्टिअरिंग फिरवले तरी वळेना. टेंपोच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर ती थांबली. मागे एक कुटुंब बसले होते, त्यात एक लहान मूल होते. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाय, त्या दिव्याचं काय ते वाचून सांग गो."

गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक इंग्रजीत होते. पंचवीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाने ते कधी उघडले नव्हते, कारण ते त्याच्यासाठी लिहिलेलेच नव्हते. मी ते उघडले. शब्दकोश शेजारी घेऊन बसले, आणि दोन रात्रींत मला जे कळले ते येथे सोप्या शब्दांत मांडते.

ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. म्हणून स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. हे टाळण्यासाठी प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते आणि त्याच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर हा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत एक चुंबक आणि तारेचे वेटोळे. दात समोरून गेला की वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते. चाक जितके वेगात, तितके हे ठोके भराभर. गाडीतला छोटा संगणक चारही चाकांचे ठोके सतत मोजत असतो. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावले, म्हणजे ते आता घसरणार, असे ओळखून तो त्या चाकावरचा ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो आणि पुन्हा धरतो. एका सेकंदात अनेक वेळा. ही व्यवस्था मर्सिडीझच्या गाडीत बॉशने १९७८ साली इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. चारांपैकी एका चाकाचा निरोप जरी येईनासा झाला, तरी संगणक विश्वास ठेवावा कोणावर हे न कळून आपले काम थांबवतो आणि दिवा लावतो. साधा ब्रेक चालू राहतो. जाते ते फक्त संकटकाळचे संरक्षण. म्हणूनच बाबांना आठ दिवस काही जाणवले नाही. संकट यायचे होते.

आता मुद्द्याकडे येते. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी दिवा पाहताच सांगण्यात आले, "पूर्ण युनिट गेलं. अठ्ठावीस हजार." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "चारही सेन्सर बदलून टाका, कटकट नको." तिसऱ्याने आवाज खाली आणून सुचवले, "दिव्याची वायर काढून टाकतो. पासिंगलाही त्रास नाही." तिघांचे सल्ले वेगवेगळे होते, पण एका बाबतीत तिघांचे एकमत होते. एकानेही चाक उचलून आत पाहिले नाही.

मला या लेखात जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. आपण निदान करणे विसरत चाललो आहोत. दिवा लागला की आपण एक तर भाग बदलतो, नाही तर दिवा फोडतो. दिवा का लागला, हे विचारण्याचे कष्ट घेत नाही. आणि हे फक्त गॅरेजमध्ये घडते असे नव्हे. मुलगा नापास झाला की शिकवणी बदला. ताप आला की शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी घ्या. वर्गात मुले बसत नाहीत तर हजेरीचा दंड वाढवा. कारण न शोधता केलेला उपाय हा उपाय नसून जुगार असतो, आणि या जुगारात पैसे नेहमी गरिबाचे लागतात. श्रीमंताचा अंदाज चुकला तर तो दुसरा भाग आणतो. आमचा अंदाज चुकला असता तर माझे हे वर्ष बुडाले असते.

आम्ही गाडी घरी आणली. आमच्या आळीतल्या एका मेकॅनिककाकांकडून तीनशे रुपये देऊन एका दिवसापुरता स्कॅनर आणला. बाजारात मोबाईलला जोडायचे स्वस्त यंत्रही मिळते. पण तशी पुष्कळ यंत्रे इंजिनाचे दोष वाचतात आणि ब्रेकच्या संगणकाशी बोलूच शकत नाहीत, हे आधी कळले म्हणून तो खर्च वाचला. स्कॅनरने 'सी ००३५' असा संकेत दाखवला. अर्थ : पुढचे डावे चाक, सेन्सरचे मंडल. बाबा लगेच म्हणाले, "चला, डावा सेन्सर आणू." मीही उठले होते. पण 'मंडल' या शब्दापाशी मी अडखळले. यंत्र 'सेन्सर बिघडला' असे म्हणत नव्हते. त्या वाटेवर कुठेतरी निरोप अडतो आहे, एवढेच म्हणत होते. सेन्सर, त्याची वायर, तिचा कपलर, दातेरी कडे, यांपैकी दोषी कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. संकेत म्हणजे निकाल नव्हे. तो पत्ता आहे. त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठवायचे काम आपले.

तेव्हा मला आमच्या तर्कशास्त्राच्या तासाची आठवण झाली. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांतली व्यतिरेक पद्धती परीक्षेपुरती पाठ केली होती. दोन प्रसंग इतर सर्व बाबतींत सारखे असतील आणि फरक एकाच गोष्टीत असेल, तर परिणामातल्या फरकाचे कारण त्या गोष्टीत शोधावे. मनात आले, आमच्या दारात हेच तर उभे आहे! गाडी एक, पाऊस एक, खड्डे तेच, सेन्सर एकाच जातीचे. डावा बोलत नाही आणि उजवा बोलतो. मग दोघांना सारखेच प्रश्न विचारून पाहू.

चारशे पन्नास रुपयांचा मल्टिमीटर आणला. रविवारी सकाळी पाऊस उघडल्यावर सपाट जागा पाहून गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली. जॅकने पुढची बाजू उचलून खाली लोखंडी स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही हात घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. आजी ओट्यावरून ओरडत होती, "पोरीची जात, गाडीखाली कशाला गो जातेस?" बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी दहा नंबरचा पाना माझ्या हातात दिला. तो क्षण मला पहिल्या दिवशीच्या महाविद्यालयाच्या फाटकाइतकाच मोठा वाटला.

प्रथम फुकटचा उपाय. सेन्सरच्या तोंडावरचा आणि कड्याच्या दातांमधला चिखल ब्रशने साफ केला. एकेक दात हाताने चाक फिरवून पाहिला. सगळे शाबूत होते. गाडी चालवून पाहिली, दिवा तसाच. मग गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन, किल्ली बंद करून कपलर सोडवला. आत पाणी नव्हते, हिरवा गंज नव्हता. उजव्या सेन्सरचा रोध मोजला : सुमारे १,१०० ओहम. डाव्याचा मोजला तर मीटरवर काहीच नाही. म्हणजे वाट तुटलेली. मीटर विजेवर ठेवून हाताने चाक फिरवले : उजवीकडे आकडा हलला आणि वेगाबरोबर वाढला, डावीकडे शून्य. (येथे एक सूचना. आमच्या गाडीतला सेन्सर जुन्या, वेटोळ्याच्या जातीचा आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत विजेवर चालणारे वेगळ्या जातीचे सेन्सर असतात. त्यांचा रोध असा मोजू नये, मोजणीनेच ते बिघडू शकतात. आपली जात कोणती, हे आधी पाहावे.)

मी मीटर धरून बसले होते आणि बाबा डाव्या सेन्सरची वायर बोटांनी चाचपत होते. शॉकअॅब्सॉर्बरजवळ त्यांनी ती किंचित वाकवली, आणि मीटरवर क्षणभर १,१०० उमटले आणि गेले. पुन्हा वाकवली, पुन्हा उमटले. रबराच्या आवरणाखाली, बाहेरून काहीच न दिसता, तार आत तुटलेली होती. पुस्तकात मला हे सापडले नसते. ते बाबांच्या बोटांना सापडले. पण बोटे कुठे ठेवायची हे मीटर नसता तर कळले नसते.

आमच्या गाडीत वायर सेन्सरला कायमची जोडलेली येते, म्हणून पूर्ण सेन्सर बदलणे भाग होते. तरीही मी विचारले, "बाबा, पण तुटली का?" उजवीकडे जाऊन पाहिले. तेथे वायर शॉकअॅब्सॉर्बरला एका छोट्या क्लिपने धरून ठेवलेली होती. डावीकडे क्लिपच नव्हती. दोन वर्षांपूर्वी कुठेतरी शॉकअॅब्सॉर्बर बदलला होता. तेव्हा कोणीतरी ती क्लिप काढली आणि परत लावली नाही. तेव्हापासून प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला ती वायर ताणली जात होती. चाळीस रुपयांची क्लिप! ती पाहिली नसती आणि फक्त सेन्सर बदलला असता, तर तोही दीड-दोन वर्षांत तसाच तुटला असता, आणि आम्ही म्हटले असते, "कंपनीचा मालच खराब."

सेन्सर काढणे बोलण्याइतके सोपे नव्हते. बोल्ट सुटला, पण सेन्सर गंजाने भोकात घट्ट धरला होता. पेचकसाने उचकटला असता तर तो आत तुटला असता आणि तुकडे ड्रिलने काढावे लागले असते. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बाबांनी तो हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत फिरवत काढला. भोकातला गंज पॉलिश पेपरने घासून काढला. कारण गंजाच्या थरावर सेन्सर बसला तर दातांपासूनचे अंतर वाढते आणि नवा सेन्सरही गप्प बसतो. जुन्यावरचा क्रमांक जुळवून नवा आणला होता, १,८५० रुपयांना. तो हाताने दाबून बसवला. हातोडी लावली नाही. नवी क्लिप लावली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वायर कोठे ताणत नाही ना, हे पाहिले. स्कॅनरचा दिवस संपला होता, तरी आमच्या गाडीला त्याची गरज लागली नाही. पाड्याच्या आतल्या रस्त्यावर थोडे अंतर हळू चालवल्यावर दिवा आपोआप विझला. एकूण खर्च २,६४० रुपये. बाबा गाडी बाजूला घेऊन बराच वेळ त्या विझलेल्या जागेकडे पाहत राहिले.

आता काही जण म्हणतील, ही सारी कामे तज्ज्ञांची. घरी करू नयेत. त्यात तथ्य आहे. ब्रेकच्या तेलाची नळी उघडायची असती, किंवा पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला असता, तर आम्ही गाडीला हात न लावता ती ओढून गॅरेजमध्ये नेली असती. आपली मर्यादा ओळखणे हाही निदानाचाच भाग आहे. माझे म्हणणे गॅरेजविरुद्ध नाही. हातात काळे तेल लागलेल्या कारागिराचा मान मी लहानपणापासून पाहिला आहे. पण त्या कारागिरालाही स्कॅनर, सुटे भाग आणि माहिती मिळाली पाहिजे. ती त्यालाही सहज मिळत नाही, हे या निमित्ताने मला कळले. २०११ साली शमशेर कटारिया या ग्राहकाची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे आली. मोटार कंपन्या मूळ सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, असे तिचे स्वरूप होते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांनाही उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. कंपन्या त्याविरुद्ध वरच्या दारी गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. हक्क कागदावर आला हे चांगलेच झाले. परंतु ज्या भाषेत चालक विचार करतो त्या भाषेत माहितीपुस्तक नसेल, तर तो हक्क त्याच्या दारापर्यंत पोचला असे मी कसे म्हणू? मराठी मुलखात गाडी विकायला मराठी जाहिरात चालते. मग गाडी समजून घ्यायला मराठी पुस्तक का नको?

आणि येथेच मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मी सेन्सर बदलायला शिकले ही मोठी गोष्ट नाही. ते कोणीही शिकेल. मोठी गोष्ट ही, की 'मंडल' या एका शब्दापाशी थांबावे हे मला महाविद्यालयाने शिकवले. यंत्र काय म्हणते आणि काय म्हणत नाही, यांतला फरक वाचता येणे. तीन सल्ले ऐकून पुरावा कोणापाशी आहे हे विचारणे. कारण सापडल्यावरही त्या कारणाचे कारण शोधणे. कलाशाखेत आम्ही आणखी दुसरे काय शिकतो? फक्त आम्ही ते उत्तरपत्रिकेत लिहून तेथेच सोडून येतो. व्यतिरेक पद्धतीवर मला दहापैकी सात गुण मिळाले होते. पण ती मला समजली ती चिखलात बसल्यावर.

म्हणून माझी गुरुजनांना नम्र विनंती आहे. तर्कशास्त्राच्या तासाला एखादे बंद पडलेले घड्याळ, एखादा न लागणारा दिवा वर्गात आणावा आणि आम्हांला विचारावे, "कारण शोधा." आणि माझ्यासारख्याच घरांतून आलेल्या मित्रमैत्रिणींना सांगणे आहे, की आपल्या आईवडिलांच्या हातांत जे ज्ञान आहे त्याची लाज वाटू देऊ नका. आपण पुस्तक वाचून दाखवावे, त्यांनी वायर चाचपून दाखवावी. त्या रविवारी ती तुटलेली तार आम्हां दोघांपैकी एकट्याला कोणालाच सापडली नसती.

परवा नाक्यावर पुन्हा कोणीतरी विचारले, "बी. ए. करून काय करणार?" मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "आमची गाडी तिनेच दुरुस्त केली." हे खरे नाही, निम्मी त्यांनी केली. पण मी त्यांना दुरुस्त केले नाही.